२८ फुटांची त्रिज्या, पाऊण सुताचा बाक

मागच्या मे महिन्यात माझा भाचा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर भर दुपारी नायलॉनची दोरी घेऊन खटपट करत बसला होता. दोरीचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपला, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि पेन्सिलखाली एमडीएफचा तुकडा. त्याला स्वतःच्या हाताने गिटार बनवायची होती आणि गिटारच्या पुढच्या पाटीला जो हलका फुगवटा असतो, तो आखायचा होता. त्याची त्रिज्या २८ फूट असते असं त्याने वाचलं होतं. २८ फूट म्हणजे साडेआठ मीटर. एवढा कंपास कोण देणार? म्हणून दोरी. चार वेळा आखलं, चारही रेघा वेगळ्या आल्या.

त्याला खाली आणून पाणी दिलं आणि विचारलं, "४०० मिलिमीटर रुंदीच्या पाटीवर हा फुगवटा मधोमध किती उंच येणार?"

"ते कुठे दिलंय मामा? त्रिज्याच दिलीये."

गोम तिथेच आहे. त्या फुगवट्याची उंची येते २.३४ मिलिमीटर. पेन्सिल ओढताना नायलॉनची दोरी दोन मिलिमीटर इकडे-तिकडे ताणली गेली, की बहुतेक सगळा फुगवटा दोरीनेच खाल्ला. गिटारवाले बोलताना त्रिज्या बोलतात. पण रंध्याखाली येते ती ही उंची. त्रिज्येवरून ती काढता आली, की गिटारमधलं निम्मं वक्रांचं गणित संपलं. उरलेलं निम्मंही तेच, फक्त उलट दिशेने.

यासाठी डोळ्यासमोर धनुष्य आणा. वर्तुळाचा एक तुकडा म्हणजे वाकलेला धनुष्याचा दांडा, त्याला म्हणू चाप. दोन टोकांना बांधलेली सरळ दोरी, ती ज्या. आणि दोरीच्या मध्यापासून दांड्याच्या मध्यापर्यंत लावलेला बाण, तो शर. हे शब्द मी लेख रंगवायला आणलेले नाहीत. आपल्या जुन्या गणितात हेच शब्द आहेत. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने नियम दिला: वर्तुळात समोरासमोरच्या दोन शरांचा गुणाकार म्हणजे अर्ध्या ज्येचा वर्ग. दोन शर कुठले? ज्येने वर्तुळाचे दोन भाग होतात. एका बाजूला आपला छोटा शर, आणि तीच रेघ उलट दिशेने वाढवली की पलीकडच्या काठापर्यंतचा लांबलचक शर. दोन्ही मिळून पूर्ण व्यास.

हाच नियम भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त उदाहरणासकट आहे. व्यास १०, ज्या ६, तर शर किती? उत्तर १. पडताळा घ्या: छोटा शर १, मोठा ९, गुणाकार ९, अर्धी ज्या ३, तिचा वर्ग ९. भास्कराचार्य आपल्यापासून फार लांबचे नाहीत. नाशिकरोडहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की चाळीसगाव लागतं, आणि त्याच्याजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख आहे. तिथे शिकलेल्या एखाद्या मुलाला गिटार म्हणजे काय ते ठाऊक नसतं, पण तिच्या पाटीचा बाक त्याने चुटकीसरशी काढून दिला असता.

गिटारमध्ये आणखी एक सोय आहे. इथला छोटा शर इतका छोटा असतो, की व्यासातून तो वजा केला काय नि न केला काय, फरक पडत नाही. मोठा शर म्हणजे जवळजवळ पूर्ण व्यासच. म्हणून:

शर = अर्ध्या ज्येचा वर्ग ÷ व्यास

२८ फुटांची त्रिज्या म्हणजे ५६ फुटांचा व्यास, मिलिमीटरमध्ये १७,०६९. अर्धी ज्या २००, तिचा वर्ग ४०,०००. भागाकार २.३४. झालं. 'लीलावती'तल्या उदाहरणाला मात्र ही पळवाट लावू नका. तिथे १ ऐवजी ०.९ येईल, कारण ते धनुष्य चांगलंच वाकलेलं आहे. गिटारमधली धनुष्यं जेमतेम वाकलेली असतात, म्हणून चालून जातं.

आता गिटारच्या मानेकडे येऊ. जिथे बोटं फिरतात ती पट्टी, फ्रेटबोर्ड, बहुतेक गिटारवर आडवी गोलसर असते. क्लासिकल गिटारवर पारंपरिकरीत्या ती सपाट असते. गोलाई कशासाठी? तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात तेव्हा बोटाला ती सोयीची पडते. जुन्या फेंडरच्या इलेक्ट्रिक गिटारवर त्रिज्या सव्वासात इंच असायची, आताच्या बऱ्याचशा फेंडरवर साडेनऊ, गिब्सनवर १२, मार्टिनच्या अकूस्टिकवर १६. आकडा जितका मोठा, तितकी पट्टी सपाट. नवशिके इथे नेहमी उलटं समजतात.

हे आकडे ऐकायला एकमेकांपासून कितीतरी लांब वाटतात. पट्टीचं शेवटचं टोक ५६ मिलिमीटर रुंद धरून शर काढला, तर सव्वासात इंचाला येतो २.१३ मिलिमीटर, साडेनऊला १.६२, बाराला १.२९ आणि सोळाला ०.९६. म्हणजे सगळ्यात गोल आणि जवळजवळ सपाट वाटणारी पट्टी यांच्यात काठापाशी फरक किती, तर सव्वा मिलिमीटरच्याही आत. सव्वासातचं अचूक गणित केलं तर २.१४ येतं. पळवाटेने जे गमावलं ते शतांश मिलिमीटरभर.

हा शर कळला की काही निर्णय आपोआप होतात. पट्टी साधारण पाव इंच जाड घेतात, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, सुताराच्या भाषेत दोन सूत. १२ इंचाची गोलाई दिल्यावर मधे जाडी तीच राहते, काठांना उरते ५.०६. आता फ्रेटच्या, म्हणजे पट्टीवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या तारांच्या, खाचा. सपाट पट्टीवर करवतीने ३ मिलिमीटर खोल खाच मारली आणि मग पट्टी गोल घासली, तर काठापाशी त्या खाचेतला १.२९ भाग घासण्यातच गेला, उरली १.७१. फ्रेटच्या तारेचा खाली घुसणारा पाय त्याहून लांब असेल, तर ती मधे बसेल आणि टोकांना उचललेली राहील. मग माणूस हातोडीला दोष देतो. म्हणून आधी घासा आणि मग खाचा खोल करा, किंवा सुरुवातीलाच शराएवढी जादा खोली धरा. फ्रेटची तार मात्र पट्टीपेक्षा किंचित जास्त वाकवून घ्यावी. १२ इंचाच्या पट्टीला १० इंचाच्या आसपास वाकवलेली तार ठोकली, की तिची टोकं आधी टेकतात आणि नंतर उठत नाहीत.

गोलाईचा तोटा तार ताणताना कळतो. इलेक्ट्रिक वाजवणारे सर्वांत बारीक तार दाबून पट्टीच्या मध्याकडे ढकलतात, सूर वर चढतो. ढकललेली तार ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या टेकूकडे, तिरपी जाते. तार सरळ असते, पट्टी गोल, म्हणून वाटेत पट्टीची टेकडी तारेच्या पोटाला लागू पाहते. समजा तार या तिरप्या वाटेत आडवी १६ मिलिमीटर सरकते. ती १६ ची ज्या. सव्वासात इंचावर टेकडी ०.१७ मिलिमीटर, सोळा इंचावर ०.०८. तारा पट्टीच्या अगदी जवळ ठेवणाऱ्याला हा दशांश मिलिमीटर पुरतो. सूर मधेच मरतो, नुसता खट आवाज येतो.

यावर उपाय म्हणून कंपाउंड रेडियस आला. नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, त्रिज्या १० इंच, आणि खाली जाता जाता १६ पर्यंत सपाट होत जाणारी. वर कॉर्ड धरायला गोल, खाली तारा ताणायला सपाट. भूमितीत हा दंडगोलाऐवजी शंकू झाला. तारा नटपाशी जवळ आणि ब्रिजपाशी लांब असतात, म्हणजे त्याही शंकूवरच्या रेघांसारख्याच पसरतात. म्हणून काही लोक म्हणतात की शंकूच खरा, दंडगोल चुकीचा, कारण एकाच त्रिज्येच्या पट्टीवर तिरपी जाणारी तार मधे उंचवट्यावरून जाते.

बोलणं खरं आहे, पण उंचवटा किती ते कोणी सांगत नाही. पट्टी नटपाशी ४३ मिलिमीटर, खाली ५६, त्रिज्या सगळीकडे १२ इंच. काठाचा शर वर ०.७६, खाली १.२९, अगदी मधे १.०० च्या जरा वर. वरच्या-खालच्याची सरासरी १.०२. म्हणजे पूर्ण सरळ रेघेपासून फरक पडतो ०.०१७ मिलिमीटर. डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. फ्रेट बसवल्यावर कानशीने त्यांचे माथे एका पातळीत आणतात, त्यात याच्याहून जास्त धातू निघून जातो. कंपाउंड घ्यायचा तर तार ताणण्याच्या सोयीसाठी घ्या, उंचवट्याच्या भीतीने नको. शंकूच हवा असेल तर त्रिज्या रुंदीच्या प्रमाणात वाढवा: वर १० इंच, तर खाली १० × ५६ ÷ ४३, म्हणजे १३. बाजारातल्या १० ते १६ मागे हे गणित नसतं, वाजवणाऱ्याची आवड असते.

आता पुन्हा गच्चीवरच्या दोरीकडे. अकूस्टिक गिटारची पुढची पाटी दिसते सपाट, पण तिला साधारण २५ ते २८ फुटांचा फुगवटा असतो; पाठीला जास्त, १५ फुटांच्या आसपास. तो आणण्यासाठी खोलगट ताटलीसारखा साचा करतात, रेडियस डिश. पाटी तिच्यात ठेवायची, आतून ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, चिकटवायचे, आणि वरून लवचिक काठ्यांनी दाब द्यायचा. मी ज्यांच्याकडे लाकूडकाम शिकलो ते भद्रकालीतले सुतारकाका या डिशला परात म्हणतात. तांबट लेनपासून हाकेवर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणारही नाही.

परातीचा फर्मा आखायला दोरी नको, एक छोटा तक्ता पुरतो. मध्यापासून जितकं लांब जाल, त्या अंतराचा वर्ग करा, व्यासाने भागा, तेवढं खाली या. २८ फुटांसाठी ५० मिलिमीटरवर ०.१५, १०० वर ०.५९, १५० वर १.३२, २०० वर २.३४. अंतर दुप्पट झालं की उतार चौपट होतो, हे इथे डोळ्यांना दिसतं. पाठीच्या १५ फुटांसाठी तेच आकडे ०.२७, १.०९, २.४६ आणि ४.३७.

बिंदू जोडायचेही नसतील तर दोन खिळ्यांची युक्ती आहे. ४०० मिलिमीटर अंतरावर दोन खिळे ठोका. ८०० मिलिमीटर लांब फळी घ्या आणि तिची खालची कड दोन उतारांच्या छपरासारखी रंधा: मध्य दोन्ही टोकांपेक्षा ४.६९ मिलिमीटर वर, म्हणजे शराच्या दुप्पट. मध्यावरच्या कोनात पेन्सिल धरा आणि दोन्ही उतार खिळ्यांना टेकवून फळी सरकवा. पेन्सिल वर्तुळाचाच तुकडा काढेल, अंदाजाची कमान नाही. एका ज्येवर उभे राहिलेले वर्तुळातले कोन सारखे असतात, हा शाळेतला सिद्धांत इथे कामाला येतो. काकांनी तो शाळेत शिकलेला नाही, पण दरवाज्याच्या कमानी ते असंच आखतात.

एवढं सगळं येत असताना माझी पहिली परात चुकली, तीही माझ्याच हाताने. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, ती कापून घेतली होती. चित्रात जिथे व्यासाचा आकडा मागितला होता तिथे मी २८ फूट लिहून आलो. मशीनने इमानदारीत सांगितलं तेच केलं. परात घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी गिटारच्या रुंदीची सरळ पट्टी आडवी ठेवली, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "भाऊ, हे दीड सूत आहे. तुम्ही पाऊण म्हणाला होतात."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१८ मिलिमीटर. पाऊण सूत २.३८, दीड सूत ४.७६. मला हवा होता २.३४ आणि परातीत होता ४.६९. काकांनी व्हर्नियर हातातही घेतलं नव्हतं. ती परात फेकली नाही. २८ फुटांचा व्यास म्हणजे १४ फुटांची त्रिज्या, आणि पाठीला १५ लागतेच. तेव्हापासून माझ्या सगळ्या गिटारच्या पाठी १४ फुटांच्या आहेत, आणि कोणी विचारलं तर तो मुद्दाम केलेला निर्णय असतो.

पाठ अशी घुमटासारखी असली, की बाजूच्या फळ्यांची उंची सगळीकडे सारखी ठेवून चालत नाही. घुमटाच्या माथ्यापासून काठ जितका लांब, तितका तो खाली. १५ फुटांच्या पाठीला खालचा रुंद भाग माथ्यापासून १९८ मिलिमीटरवर असेल तर तिथे उतार ४.२९. कंबर १२० वर असेल तर १.५७. म्हणजे कंबरेपाशी बाजूची फळी सुमारे पावणेतीन मिलिमीटर उंच ठेवायला हवी. पहिल्यांदा बनवणारे बाजूची फळी सरळ कापतात आणि कंबरेत फट राहिली की गोंद भरतात. फट गोंदाची नसते, गणिताची असते. सोपं म्हणजे परातीला पॉलिश पेपर चिकटवा, गिटारचा सांगाडा उलटा धरून तिच्यात फिरवा; कंबर आपोआप उंच राहते.

मुळात फुगवटा हवाच कशाला, याचं एक लोकप्रिय उत्तर असं की हवा कोरडी झाली तर लाकूड आक्रसतं, आणि बाकात साठवलेलं जादा लाकूड तेव्हा उपयोगी पडतं. हिशेब केला तर हे टिकत नाही. ३९७ मिलिमीटर रुंदीवर २८ फुटांच्या चापाची लांबी ज्येपेक्षा जास्त असते ती फक्त ०.०४ मिलिमीटरने. एवढ्याशा साठ्याने काय होणार? खरं काम ब्रेस करतात. ते पाटीच्या रेषांना आडवे चिकटवलेले असतात, आणि लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही. हवा कोरडी झाली की वरची पाटी रुंदीत आक्रसते, खालचा ब्रेस तेवढाच राहतो, आणि दोघं मिळून बाक कमी करतात. दमट हवेत उलट होतं, पोट फुगतं. सपाट पाटी कोरड्या हवेत थेट आत बसते. फुगवट्याची पाटी २.३ मिलिमीटर वरून सुरुवात करते, म्हणून खाली आली तरी शून्याच्या वर राहते. शिवाय सत्तर किलोच्या वर ताण देणाऱ्या पोलादी तारा ब्रिज ओढत असतात, तेव्हा कमान सपाटीपेक्षा जास्त तग धरते.

नाशिकमध्ये याचा अर्थ अगदी रोजचा आहे. श्रावणात घराची दारं चौकटीत अडकतात, तेव्हा चिकटवलेली पाटी त्या क्षणी फुगलेली असते. एप्रिलच्या कोरड्या झळांमध्ये ती मापापेक्षा बरीच खाली बसणार, नाहीतर तडकणार. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असताना चिकटवायचं असतं. मी जुलै-ऑगस्टमध्ये ब्रेस चिकटवत नाही, मानेचं काम काढतो. ज्यांच्याकडे हवा कोरडी करणारं यंत्र आहे त्यांनी खुशाल चिकटवावं.

आता उलटं गणित. बनलेल्या गिटारची त्रिज्या काढायची असेल तर पुन्हा तोच नियम, फक्त जागा बदलून: व्यास = अर्ध्या ज्येचा वर्ग ÷ शर. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला ४० मिलिमीटर अंतरावर दोन पाय, मधे डायल गेज, म्हणजे शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं मापक. सपाट काचेवर शून्य करा, पट्टीवर आडवं ठेवा. काटा ०.६६ दाखवत असेल तर ४०० ÷ ०.६६, म्हणजे व्यास ६०६, त्रिज्या ३०३ मिलिमीटर. १२ इंच म्हणजे ३०४.८. जमलं.

पण इथे त्रिज्येचा स्वभाव कळतो. काटा ०.६६ ऐवजी ०.६२ दाखवू लागला तर त्रिज्या ३२३ होते, पावणेतेरा इंचांच्या जवळ. शरात चार शतांशाची चूक, त्रिज्येत पाऊण इंचाची. म्हणून कोणी आपल्या पट्टीची त्रिज्या ११.८७ इंच आहे असं सांगू लागला, तर त्याला गेज दाखवायला सांगावं.

भाच्याने असा ठोकळा बनवला आणि आधी स्वतःची जुनी गिटार मोजली. नटपाशी ०.६६ आलं. पंधराव्या फ्रेटपाशी ०.६२. तो धावतच आला.

"मामा, कंपाउंड रेडियस! एवढ्या स्वस्त गिटारला!"

३६० नंबरच्या पॉलिश पेपरचा एक कण साधारण चार शतांश मिलिमीटरचा असतो, आणि पोराने ठोकळ्याचे पाय नुकतेच घासले होते. मी त्याच्या हातात फडकं दिलं. पाय पुसून पुन्हा ठेवलं तर तिथेही ०.६६ आलं.